यशस्विनी : सोसायटीच्या पावतीवर उभी राहिलेली आरोग्य योजना

वर्गणी हा शब्द या स्मरणिकेच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. घरटी ठरावीक रक्कम, हातात पावती आणि उत्सव आटोपल्यावर बैठकीत हिशेब, ही रीत आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळत आलो आहोत. आजचा लेखही एका वर्गणीचाच आहे. मात्र ती शेतकऱ्यांनी ऑपरेशनच्या खर्चासाठी काढली होती. माणशी वर्षाला ६० रुपये. २००३ साली कर्नाटकात सुमारे १६ लाख माणसांनी ती भरली, आणि बदल्यात त्यांना जी हमी मिळाली तिच्यामागे कोणतीही विमा कंपनी नव्हती. विमा नियामक प्राधिकरणाची नोंदणीही नव्हती. या योजनेचे नाव यशस्विनी. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या वाचकांच्या घरांत तिचे फोटो लावलेले कार्ड अजून कपाटात सापडेल.

माझी सगळी नोकरी सहकारी बँकेत गेली. तेव्हा या विषयाकडे मी डॉक्टरच्या नाही, हिशेबनिसाच्या नजरेने पाहणार, हे आधीच सांगून टाकतो.

यशस्विनी समजून घ्यायची तर सहकाराच्या आरंभापर्यंत मागे जावे लागते, आणि तिथे आपल्याच माणसांची गाठ पडते. १८८९ साली बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाऊसाहेब कवठेकर यांनी अन्योन्य सहकारी मंडळी सुरू केली. तेव्हा देशात सहकाराचा कायदाही झालेला नव्हता. चार ओळखीच्या माणसांनी पैसे एकत्र करायचे आणि ज्याला अडचण येईल त्याला त्यातून द्यायचे, एवढीच कल्पना. कायदा आला १९०४ साली. पुढच्याच वर्षी तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या धारवाड जिल्ह्यात, गदगजवळच्या कणगिनहाळ गावी, देशातली पहिली शेती पतसंस्था निघाली. सिद्धनगौडा सण्णरामनगौडा पाटील हे तिचे प्रवर्तक. त्या काळच्या सरकारी विचारामागे १८७५ चे दख्खनचे दंगे होते. सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, तेव्हापासून शेतकऱ्याचे कर्ज हा सरकारच्या काळजीचा विषय झाला होता.

सोसायटीने सावकाराची जागा घ्यावी, ही अपेक्षा. पण तिचे कर्ज पिकासाठी असे. बी, खत, बैल, विहीर एवढीच कारणे अर्जात बसत. आजारपण बसत नसे. पीककर्ज म्हणून उचललेला पैसा दवाखान्यात जातो, हे सोसायटीत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. घरात कुणाच्या पोटात गाठ निघाली, म्हाताऱ्याच्या हृदयाची झडप बिघडली, की खत राहते बाजूला. मग थकबाकी, मग नवेजुने, आणि शेवटी पुन्हा सावकार. सहकार चळवळीने शंभर वर्षे पिकाची काळजी वाहिली. पीक काढणाऱ्या माणसाच्या शरीराची जबाबदारी मात्र तिने अंगावर घेतली नव्हती.

विम्याने घेतली होती का? सर्वसाधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण १९७३ च्या आरंभापासून अमलात आले आणि १९८६ साली मेडिक्लेम निघाला. तो होता नोकरदारांचा आणि शहरी माणसांचा. त्याची जुनी पद्धत म्हणजे आधी खिशातून भरा, बिले जोडा, मग कंपनीकडे मागा. ज्याच्याकडे आधी भरायला पैसे नाहीत त्याला अशी पॉलिसी काय कामाची? २००३ च्या जुलैत केंद्र सरकारने सरकारी विमा कंपन्यांमार्फत सार्वत्रिक आरोग्य विमा योजना आणली. एका माणसाला दिवसाला एक रुपया म्हणजे वर्षाला ३६५, पाच जणांच्या कुटुंबाला ५४८, आणि इस्पितळाच्या खर्चाची मर्यादा ३० हजार. योजना वाईट नव्हती. पण ती गावात विकणार कोण? एजंटाला ज्या घरातून थोडीशीच दलाली सुटायची, त्या घराचा उंबरठा तो कशाला झिजवेल?

नेमक्या त्याच वर्षी, महिनाभर आधी, म्हणजे १ जून २००३ रोजी, यशस्विनीचे काम प्रत्यक्ष सुरू झाले. उद्घाटन १४ नोव्हेंबर २००२ रोजी झाले होते. एस. एम. कृष्णा तेव्हा मुख्यमंत्री होते. कल्पना होती हृदयशल्यविशारद डॉ. देवी शेट्टी यांची. त्यांचे बंगळूरचे नारायण हृदयालय तेव्हा नवे होते. त्यांचा मुद्दा व्यापाऱ्याला चटकन समजेल असा होता. खासगी इस्पितळांत खाटा आणि ऑपरेशन थिएटरे दिवसातला बराच वेळ रिकामी पडून असतात. इमारत, यंत्रे, पगार यांचा खर्च रोगी आला तरी होतो आणि न आला तरी होतो. मग ठरलेल्या कमी दरात पण भरपूर रोगी मिळत असतील तर इस्पितळ तोट्यात जात नाही. प्रश्न उरतो रोग्याच्या बाजूचा. लाखो माणसांकडून पाच-पाच रुपये महिना गोळा करायचे कसे? त्याचे उत्तर सहकार खात्याकडे होते. कृषी पत्तीन सोसायट्या, दूध संघ, साखर कारखाने, विणकरांच्या संस्था मिळून राज्यभर पसरलेले जाळे तयार होते. सभासदांची यादी तयार होती, सेक्रेटरी ओळखीचा होता, आणि पैसे भरण्याची खिडकी गावातच होती.

माझ्या मते योजनेचा खरा आधार ही खिडकीच होती. योजनेचे वर्णन करणारे लोक डॉक्टरांबद्दल आणि दरपत्रकाबद्दल भरभरून लिहितात. पण शेतकऱ्याने साठ रुपये कुणाच्या भरवशावर दिले? गावच्या सेक्रेटरीच्या. तो उद्या कुठे जाणार नव्हता. पावती त्याच्या सहीची होती. काही गडबड झालीच तर वार्षिक सभेत उभे राहून त्याला विचारता येत होते.

नियम सोपे होते. सहकारी संस्थेचा सभासद असावे, वय ७५ पर्यंत चालेल. वैद्यकीय तपासणी नाही. आधीपासून असलेला आजार असला तरी नाव नोंदवता येई. खासगी विम्यात ज्या मुद्द्यावर अनेक दावे अडतात, तो मुद्दाच यात ठेवला नव्हता. सभासदाने कार्ड घेऊन यादीतल्या इस्पितळात जायचे, तिथून मंजुरी मागवली जायची, आणि ऑपरेशनचे पैसे न्यासाकडून थेट इस्पितळाला मिळायचे. सुरुवातीच्या वर्षांत ही मंजुरीची कामे हैदराबादच्या फॅमिली हेल्थ प्लॅन या कंपनीकडे होती. एका ऑपरेशनला एक लाख आणि वर्षाला माणशी दोन लाख ही मर्यादा. डॉक्टरांचा बाह्यरुग्ण सल्ला फुकट, तपासण्या सवलतीत.

मात्र योजना मुख्यतः ऑपरेशनपुरती होती. ताप, मधुमेह, रक्तदाब, रोजच्या गोळ्या यांचा खर्च तीत येत नसे. सांधेबदल, अवयवरोपण, डायलिसिस, केमोथेरपी वगळलेली होती. यावर टीका झाली आणि ती खोटी नव्हती, कारण गरिबाच्या घरातला बराचसा पैसा औषधांच्या दुकानातच जातो. पण हिशेबाच्या बाजूने पाहिले तर या निवडीत शहाणपण होते. ऑपरेशन क्वचित होते, खर्च मोठा असतो, आणि झाले की नाही हे तपासता येते. तापाचे खोटे बिल करता येते, छातीवरच्या टाक्यांचे करणे कठीण. साठ रुपयांत घराला बुडवणारा एकच खर्च उचलायचा आणि बाकी सोडून द्यायचे, असा तो सौदा होता.

या यादीत एक भाग मात्र मला फार आवडतो. शस्त्रक्रियांखेरीज काही तातडीचे प्रसंग योजनेत घेतले गेले होते. सर्पदंश, कुत्रा चावणे, पाण्यात बुडणे, विजेचा धक्का, शेतीची अवजारे चालवताना झालेला अपघात, आणि बैलाने मारलेली शिंगे. मुंबईच्या कार्यालयात बसून तयार केलेल्या पॉलिसीत बैलाचे शिंग सहसा आढळत नाही. ही यादी करताना शेतकरी कुणाच्या तरी डोळ्यांसमोर होता, एवढे नक्की.

आता कायद्याचा प्रश्न. पैसे आगाऊ घ्यायचे आणि संकट आल्यास भरपाईचे वचन द्यायचे, याला आपण सगळे विमाच म्हणू. १९३८ च्या विमा कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय विम्याचा धंदा करता येत नाही, आणि १९९९ च्या कायद्यानंतर विमा कंपनी काढायला किमान १०० कोटींचे भांडवल लागते. यशस्विनीकडे असे भांडवल नव्हते. ती सहकारी शेतकरी आरोग्य न्यासाच्या नावे चालणारा स्वयंनिधी होती. वर्गणी जमा होणार, सरकार थोडी भर घालणार, आणि जोखीम न्यासाचीच. कागदोपत्री विमा हा शब्द टाळलेला होता. नियामकाच्या चौकटीत गेली असती तर साठ रुपयांत ती उभी राहिलीच नसती. दलाली नव्हती, नफा नव्हता, जाहिरात नव्हती, भांडवलावरचा परतावा नव्हता. सेक्रेटरीचा पगार सोसायटी आधीच देत होती.

पण चौकट नसण्याची किंमतही असते, आणि ती मोजायला वेळ लागतो. विमा कंपनीला देणी भागवण्याइतकी जादा मालमत्ता बाजूला ठेवावी लागते. पॉलिसीधारकाला लोकपालाकडे जाता येते. कंपनीला वाटले म्हणून चालू पॉलिसी गुंडाळता येत नाही. यशस्विनीच्या सभासदाला यातले काहीच नव्हते. त्याच्याकडे होती पावती, आणि पावती वर्षाची होती.

पहिल्या काही वर्षांचे आकडे पाहण्यासारखे आहेत. पहिल्या वर्षी सुमारे १६ लाख सभासद आणि सुमारे ९ हजार शस्त्रक्रिया. म्हणजे साधारण पावणेदोनशे माणसांमागे एक. वर्गणी सुमारे साडेनऊ कोटी जमली, दावे साडेदहा कोटींच्या घरात गेले, आणि सरकारने दिलेल्या साडेचार कोटींमुळे मेळ बसला. तिसऱ्या वर्षी वर्गणी दुप्पट म्हणजे १२० रुपये झाली. सभासद वीस लाखांवरून सुमारे १५ लाखांवर घसरले, पण शस्त्रक्रिया २० हजारांच्या जवळ पोचल्या. पंचाहत्तर माणसांमागे एक. पाचव्या वर्षी सभासद पुन्हा चढून २३ लाखांवर गेले आणि शस्त्रक्रिया ६० हजारांच्या वर. म्हणजे अडतीस माणसांमागे एक.

हे प्रमाण असे का चढले? एक कारण चांगले आहे. लोकांना योजना कळली. पहिल्या वर्षी कित्येकांना आपले नाव तीत आहे आणि त्याचा उपयोग कसा करायचा हेच नीट ठाऊक नव्हते. वर्षानुवर्षे अंगावर काढलेली हर्निया, गर्भाशयाची दुखणी, हृदयातले छिद्र घेऊन जगणारी मुले, ही सगळी तुंबलेली गरज हळूहळू इस्पितळात आली. दुसरे कारण प्रत्येक वर्गणी गोळा करणाऱ्याला माहीत आहे. दर वाढला की धडधाकट माणूस म्हणतो, यंदा राहू दे. ज्याला ऑपरेशन सांगितले आहे तो मात्र रांगेत पहिला उभा राहतो. निधीत आजारी माणसांचे प्रमाण वाढते, म्हणून दर वाढवावा लागतो, आणि दर वाढला की आणखी काही धडधाकट गळतात. यशस्विनी या चक्रात पुरती अडकली नाही, कारण सरकारचा वाटा वाढत गेला. पण तिथेच तिचे स्वरूपही बदलले. सभासदांच्या वर्गणीवर चालणारा निधी हळूहळू अंदाजपत्रकातल्या तरतुदीवर टेकला. माझ्या दृष्टीने या इतिहासातला कळीचा क्षण हाच. आणि तो कुठल्या एका तारखेला घडला नाही.

हीच गोष्ट दुसऱ्या देशात कशी घडली, ते थोडक्यात पाहू. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात फार्म ब्युरो ही शेतकऱ्यांची संघटना १९४७ पासून सभासदांना आरोग्य खर्चाची योजना देत आली आहे. १९९३ साली त्या राज्याने कायदाच करून टाकला, की ही योजना म्हणजे विमा नव्हे. पुढे आयोवाने २०१८ साली, कॅन्ससने २०१९ साली, इंडियानाने २०२० साली आणि मग इतर काही राज्यांनी तसेच कायदे केले. कारणही ओळखीचे होते. सरकारी मदत न मिळणाऱ्या शेतकरी कुटुंबांना नियंत्रित विम्याचे हप्ते झेपत नव्हते. पण तिथली स्वस्ताई वेगळ्या मार्गाने येते. योजनेत घेण्यापूर्वी अर्जदाराच्या आजारांची चौकशी होते, आणि आजारी माणसाला नाकारता येते किंवा त्याच्याकडून जादा पैसे घेता येतात. अमेरिकेच्या आरोग्य विमा कायद्याने विमा कंपन्यांना २०१४ पासून तशी मनाई आहे, पण जी योजना विमाच नाही तिला ती मनाई लागू नाही. आपल्याकडे मात्र कायद्याबाहेर राहूनही दार सगळ्यांना उघडे होते. म्हणजे नियमाबाहेर असणे हे मुळात चांगले किंवा वाईट नसते. बाहेर राहून दार कुणासाठी लावता, ते बघायचे.

मग २०१८ साल उजाडले. राज्य सरकारने मार्चमध्ये आरोग्य कर्नाटक ही एकच मोठी योजना जाहीर केली आणि १ जूनपासून यशस्विनी तीत विलीन झाली. बरोबर १५ वर्षे भरली होती. कागदावर हा विस्तार होता. प्रत्यक्षात बीपीएल कार्ड असलेल्याला पूर्ण उपचार मिळत, आणि ते नसलेल्याला ठरलेल्या दराच्या ३० टक्केच सरकार देई. आधी सरकारी दवाखान्यात जाऊन तिथली चिठ्ठी आणण्याचा नियमही आला. सोसायटीचा सभासद असलेला चार-पाच एकरांचा शेतकरी बहुधा बीपीएलमध्ये बसत नाही आणि लाखाचे बिलही भरू शकत नाही. यशस्विनी मुळात त्याच्यासाठी होती. तोच मधल्या मध्ये अडकला.

त्याने तक्रार कुठे करायची? नियामकाकडे जाता येत नव्हते, कारण तो विमा नव्हता. वार्षिक सभेत सेक्रेटरीला विचारता येत होते, पण निर्णय सेक्रेटरीने घेतलेला नव्हता. निधी आपला आहे असे पंधरा वर्षे वाटत आलेल्या माणसाला तो आपला नव्हता हे सरकारी आदेशाने कळले. न्यासाची मालकी, त्यातली शिल्लक, सभासदांचा त्यावरचा हक्क यांची चर्चा आधी व्हायला हवी होती. मी स्वतः सहकारात वाढलेला माणूस आहे, म्हणून थोडे कडू बोलतो. सहकारी संस्थांनी पावत्या फाडल्या, पण निधीच्या कारभारात सभासदाचा प्रतिनिधी किती आहे हे कधी विचारले नाही. सरकारचे पैसे येत होते, तोवर विचारण्याची गरजही कुणाला वाटली नाही.

मागणी मात्र थांबली नाही. सोसायट्यांच्या सभांत ठराव होत राहिले. २०२२ च्या अंदाजपत्रकात मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी यशस्विनी पुन्हा सुरू करण्याची घोषणा केली आणि त्यासाठी ३०० कोटींची तरतूद ठेवली. नोव्हेंबरपासून नावनोंदणी आणि १ जानेवारी २०२३ पासून उपचार. ग्रामीण सहकारी संस्थेच्या सभासदाला चार जणांच्या कुटुंबासाठी ५०० रुपये, शहरी सभासदाला १००० रुपये, आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचा खर्च. पूर्वी वर्गणी माणशी होती, आता ती घरटी झाली. हा बदल योग्य वाटतो, कारण त्यामुळे घरातला फक्त आजारी माणूस निवडून त्याचेच नाव घालता येत नाही. मात्र साडेचार कोटींवरून ३०० कोटींवर गेलेला सरकारी आकडा पाहिला, की निधी आता कुणाच्या खांद्यावर आहे ते वेगळे सांगायला नको.

महाराष्ट्राने हा मार्ग घेतला नाही, याचे काही वाचकांना नवल वाटेल. सहकाराची पंढरी म्हणवणाऱ्या राज्यात साखर कारखान्यांच्या परिसरात मोठी इस्पितळे उभी राहिली. लोणीचे प्रवरा रुग्णालय हे त्यातले ठळक उदाहरण. म्हणजे तिथे सहकारी नेतृत्वाने दवाखाना बांधला, तर कर्नाटकात सहकाराने दवाखान्याचे बिल वाटून घेतले. खर्चाच्या हमीसाठी महाराष्ट्राने विमा कंपनीच धरली. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना नॅशनल इन्शुरन्स कंपनीमार्फत चालली, आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. तिथे शेतकऱ्याला वर्गणी भरावी लागत नाही, सोसायटीचा सभासदही असावे लागत नाही. पैसे सरकार भरते.

या दोन वाटा आपल्या सीमाभागात येऊन एकमेकींना छेदतात. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने महात्मा फुले योजनेचा लाभ कर्नाटकातल्या ८६५ मराठीभाषक गावांना देण्याचा निर्णय घेतला. कर्नाटक सरकारने त्याला आक्षेप घेतला. वादाच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या, त्या इथे उगाळत नाही. खानापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर एका हाताला महाराष्ट्राचा निर्णय आहे, दुसऱ्या हाताला सोसायटीत ५०० रुपये भरून मिळणारे यशस्विनीचे कार्ड. दोन्हींच्या इस्पितळांच्या याद्या वेगळ्या, कागदपत्रे वेगळी. ऑपरेशनची तारीख ठरल्यावर ही चौकशी करू लागलो तर उशीर होतो. यशस्विनीची नावनोंदणी ठरावीक मुदतीत होते आणि ती मुदत सोसायटीच्या फळ्यावर लावलेली असते. ज्यांचे सातबारे, म्हणजे इकडचे उतारे, अजून गावी आहेत आणि आईवडील तिथे राहतात, अशा वाचकांनी गणपतीला गावी गेल्यावर सेक्रेटरीकडे एक चक्कर टाकावी आणि घरातल्या किती नावांची पावती फाडली आहे ते पाहून यावे.